मोजक्या पासेसवरून तरुण क्वार्टरबॅक कसा पारखावा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, आणि सप्टेंबर संपण्याआधीच बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या चाहत्यांमध्ये एखाद्या नवख्या क्वार्टरबॅकवरून, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूवरून, वाद रंगलेले असतात. सामना हातात आला की प्रशिक्षक पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला बाहेर बसवतात, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मैदानात उतरतो, आठ-दहा पास फेकतो, आणि तेवढ्यावरून कोणी त्याला भावी विजेता ठरवतो तर कोणी त्याच्या नावावर काट मारतो. ओहायो, टेक्सस, इंडियाना, मिशिगन येथे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांची या खेळाशी ओळख अशाच शनिवारच्या सामन्यांतून होते, आणि नियम समजू लागले की पुढचा प्रश्न हाच असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे असे, की मोजक्या पासेसची बेरीज फारसे काही सांगत नाही. मात्र प्रत्येक पास कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या विचाराने फेकला गेला हे नीट टिपले, तर तेच मोजके पास बरेच काही सांगून जातात.

संधी इतकी कमी का मिळते

आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन, मिळतात, आणि जवळजवळ प्रत्येक खेळीत सेंटर या रांगेतल्या मधल्या खेळाडूने मागे दिलेला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. रिसीव्हर (पास झेलणारे) किंवा डिफेन्सिव्ह लाइनचे (बचावाच्या पुढच्या रांगेतले) खेळाडू आलटून-पालटून खेळवता येतात. क्वार्टरबॅक मात्र शक्यतो एकच ठेवला जातो, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलांच्या वाट्याला उरलेसुरले स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या खेळी, येतात. यात रेडशर्टच्या, म्हणजे खेळाडूचे पात्रतेचे वर्ष राखून ठेवण्याच्या, नियमाची भर पडते. २०१८ साली लागू झालेल्या नियमानुसार खेळाडू एका हंगामात चार सामन्यांपर्यंत खेळला, तरी ते वर्ष त्याच्या वाट्याच्या हंगामांतून वजा होत नाही. म्हणून अनेक प्रशिक्षक नव्या मुलाला ठरवून तीन-चार सामन्यांत थोडे थोडे खेळवतात. त्याच वर्षी क्लेम्सन विद्यापीठाने पहिल्या चार सामन्यांनंतर ट्रेव्हर लॉरेन्स या पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य क्वार्टरबॅक केले, तेव्हा आधीचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट आपला रेडशर्ट शाबूत ठेवून संघाबाहेर पडला. लॉरेन्सने पुढे अलाबामाला ४४-१६ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि संघाने १५-० असा हंगाम पूर्ण केला. प्रशिक्षकांनी तो निर्णय घेतला, तेव्हा चाहत्यांपुढे पुरावा होता तो केवळ चार सामन्यांत वाटून मिळालेल्या खेळाचा.

पहिली पायरी: आकडे पाहण्याआधी परिस्थिती नोंदवा

सामन्यानंतर मिळणारा बॉक्स स्कोर, म्हणजे एकूण आकड्यांचा तक्ता, सुरुवातीला बाजूला ठेवा आणि प्ले-बाय-प्ले, म्हणजे प्रत्येक खेळीची क्रमवार नोंद, उघडा. एका वहीत त्या क्वार्टरबॅकच्या प्रत्येक पासपुढे पाच गोष्टी लिहा: कोणता क्वार्टर (सामन्याचा चतुर्थांश), गुणफलक किती, कितवा डाउन आणि किती यार्ड हवे होते, समोर प्रतिस्पर्ध्याचे पहिल्या फळीचे खेळाडू होते की राखीव, आणि त्याच्या स्वतःच्या बाजूने कोण खेळत होते. हे काम कंटाळवाणे आहे, पण या संपूर्ण प्रक्रियेत याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाउनांहून (टचडाउन म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे) मोठा फरक असेल, तर तो काळ मी वेगळा काढतो. अमेरिकी चाहते त्याला गार्बेज टाइम म्हणतात. निकाल लागून गेलेल्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी हौशी गोलंदाजांपुढे काढलेल्या धावांना आपण जितके वजन देतो, तितकेच या पासेसना द्यावे. मात्र एक गोष्ट नवे प्रेक्षक हमखास विसरतात: हा काळ दोन्ही बाजूंनी फसवतो. समोरचा बचाव राखीव आणि थकलेला असतो हे खरे, पण क्वार्टरबॅकच्या पुढची, त्याला वाचवणारी ऑफेन्सिव्ह लाइनसुद्धा दुसऱ्या फळीची असते, रिसीव्हर त्याच्याइतकेच नवखे असतात, आणि घड्याळ चालू ठेवण्यासाठी प्रशिक्षक धावण्याच्या खेळी लावतात. अशा वेळी ९ पैकी ४ पास पूर्ण झाले, म्हणजे सहकाऱ्याने झेलले, म्हणून मुलाला कच्चा ठरवणे हे ९ पैकी ८ पूर्ण झाले म्हणून डोक्यावर घेण्याइतकेच चुकीचे आहे.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जाही इथेच लिहा. मोठी विद्यापीठे हंगामाच्या सुरुवातीला अनेकदा खालच्या विभागातील, म्हणजे एफसीएसमधील, संघांना घरी बोलावतात, आणि तरुण क्वार्टरबॅकचे बरेचसे स्नॅप याच सामन्यांतून आलेले असतात. याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे कॅलेब विल्यम्स. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी टेक्ससविरुद्ध ओक्लाहोमा मोठ्या फरकाने मागे असताना त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवण्यात आले, त्याने चौथ्या डाउनवर ६६ यार्ड धावून टचडाउन केला, आणि ओक्लाहोमाने तो सामना ५५-४८ असा जिंकला. सामना अजून चालू होता, समोर पहिली फळी होती आणि चुकीची किंमत लगेच मोजावी लागणार होती. असे २५ पास मला गार्बेज टाइममधल्या १०० पासेसपेक्षा अधिक मोलाचे वाटतात.

दुसरी पायरी: संख्या किती लहान आहे ते मोजून पाहा

समजा, एखाद्या क्वार्टरबॅकची खरी क्षमता १०० पैकी ६२ पास पूर्ण करण्याची आहे. त्याने ३० पास फेकले, तर सरासरीने १८ किंवा १९ पूर्ण व्हावेत. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा बहुतेक वेळा १५ ते २२ यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. म्हणजे तोच मुलगा, तीच क्षमता, आणि कागदावर एकदा ५० टक्के तर दुसऱ्यांदा ७३ टक्के. इंटरसेप्शनच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासच्या, बाबतीत तर स्थिती अधिक कठीण आहे. ज्याचे दर ४० पासेसमागे एक इंटरसेप्शन होते, त्याच्या पहिल्या ४० पासेसमध्ये एकही न होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. त्यामुळे 'अजून एकही चेंडू गमावलेला नाही' हे वाक्य कानाला गोड लागले, तरी ४० पासेसनंतर त्याला फारसा अर्थ नसतो.

कॉलेज फुटबॉलमध्ये वापरला जाणारा पासर एफिशिअन्सी हा एकत्रित आकडा लहान संख्येत आणखी दिशाभूल करतो. त्या सूत्रात प्रत्येक टचडाउन पासला ३३० चे वजन आहे आणि एकूण बेरजेला पासेसच्या संख्येने भागले जाते. म्हणून १० पास फेकणाऱ्याच्या आकड्यात एका टचडाउनमुळे ३३ ची भर पडते, तर ३०० पास फेकणाऱ्याच्या आकड्यात जेमतेम १.१ ची. शंभराहून कमी पास असतील, तर हा आकडा पाहूच नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

खऱ्या सामन्यातले ६० पाससुद्धा पुरेसे नसतात, हे केनी हिलच्या उदाहरणावरून लक्षात यावे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी टेक्सस ए अँड एमच्या या क्वार्टरबॅकने आपल्या पहिल्याच मुख्य सामन्यात, तोही नवव्या क्रमांकाच्या साउथ कॅरोलिनाच्या मैदानावर, ६० पैकी ४४ पास पूर्ण करून ५११ यार्ड मिळवले आणि आधीचा क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेल याचा विद्यापीठातील एका सामन्याचा विक्रम मोडला. संघ ५२-२८ असा जिंकला. मात्र ऑक्टोबरात अलाबामाविरुद्ध ५९-० असा पराभव झाला, त्यानंतर हिलची जागा काईल ॲलनला देण्यात आली, आणि पुढे हिल दुसऱ्या विद्यापीठात गेला. झाले काय होते? साउथ कॅरोलिनाचा नववा क्रमांक हा हंगामापूर्वीच्या अपेक्षेचा होता. तो संघ अखेरीस ७-६ वर थांबला. शिवाय पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांकडे हिलच्या खेळाचे चित्रीकरण जवळजवळ नव्हते, आणि पुढच्या संघांना त्याच्या सवयी अभ्यासायला अवधी मिळाला. म्हणून पहिल्या दोन सामन्यांचे मत कच्चे माना आणि तिसऱ्या-चौथ्या सामन्यात, त्याचा अभ्यास करून आलेल्या बचावापुढे, तो काय करतो याकडे अधिक लक्ष द्या.

तिसरी पायरी: आकडा सरासरीकडे ओढून घ्या

मोजक्या पासेसचा आकडा वापरायचाच असेल, तर त्याला सरासरीची जोड द्यावी. पद्धत सोपी आहे. त्या मुलाच्या पासेसमध्ये कल्पनेने आणखी १०० सर्वसाधारण पास मिसळा, आणि त्या प्रत्येकाला सोयीसाठी साडेसात यार्ड धरा. १०० ही माझी निवड आहे. कोणी ८० किंवा १५० घेतले तरी हरकत नाही, फक्त प्रत्येक खेळाडूसाठी तीच संख्या ठेवावी.

आर्च मॅनिंगचे उदाहरण घेऊ. टेक्ससच्या या क्वार्टरबॅकने २०२४ च्या हंगामात क्विन युअर्सच्या मागे राहून ९० पैकी ६१ पास पूर्ण केले आणि ९३९ यार्ड मिळवले, म्हणजे प्रत्येक पासमागे १०.४ यार्ड, जो आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यात १०० पासेसचे ७५० यार्ड मिसळले, की एकूण १९० पासेसमध्ये १६८९ यार्ड होतात आणि सरासरी ८.९ वर येते. आता आणखी एक गोष्ट करा: सर्वांत चांगला सामना काढून पाहा. यूटीएसए (टेक्सस विद्यापीठ, सॅन अँटोनिओ) विरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने १२ पासेसमध्ये २२३ यार्ड आणि ४ टचडाउन मिळवले होते. तो वगळला तर मिसळलेली सरासरी ८.२ होते. हा अजूनही चांगल्या क्वार्टरबॅकचा आकडा आहे, पण हंगामाआधी त्याच्याविषयी जे बोलले जात होते, त्याला आधार देण्याइतका नाही. ३० ऑगस्ट २०२५ रोजी गतविजेत्या ओहायो स्टेटच्या मैदानावर त्याने ३० पैकी १७ पास पूर्ण करून १७० यार्ड मिळवले आणि टेक्सस १४-७ असा हरला. तेव्हा ज्यांनी त्याला एका दुपारीत निकालात काढले, त्यांनीही आधीच्या स्तुतिपाठकांचीच चूक उलट्या दिशेने केली. ते ३० पाससुद्धा त्याच वहीत, त्याच पद्धतीने मिसळायचे असतात.

चौथी पायरी: चेंडू पोहोचला की नाही, यापेक्षा निर्णय पाहा

इथे खरी मेहनत आहे आणि खरा आनंदही आहे. सामना पुन्हा पाहण्याची सोय असेल तर तिचा उपयोग करा, आणि एका वेळी एकच गोष्ट पाहा.

प्रथम स्नॅपआधीचे क्षण पाहा. खेळी सुरू करण्यासाठी साधारणतः ४० सेकंद मिळतात. २०२४ पासून वरच्या विभागात, म्हणजे एफबीएसमध्ये, प्रशिक्षक हेल्मेटमधील रेडिओवरून क्वार्टरबॅकशी बोलू शकतात, पण घड्याळात १५ सेकंद उरले की ते बोलणे बंद होते. त्यानंतर तो जे काही करतो, ते त्याचे स्वतःचे असते. तो सहकाऱ्यांना हाताने जागा बदलायला सांगतो का, ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा आपल्यावरचा हल्ला) येणार हे ओळखून रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) दुसऱ्या बाजूला नेतो का, की घड्याळ एकवर येईपर्यंत गोंधळून टाइमआउट घेतो? हे पाहण्यासाठी पास पूर्ण होण्याची गरज नसते, म्हणून १० स्नॅपसुद्धा उपयोगी पडतात.

मग त्याचे पाय पाहा. पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने त्याच्याभोवती राखलेल्या जागेत, दबाव आला की तो एक-दोन पावले पुढे सरकून फेकतो, की लगेच मागे वळून कडेला पळतो? शालेय फुटबॉलमध्ये सगळ्यांपेक्षा वेगवान असलेली मुले पळून वाचण्याची सवय घेऊन येतात, आणि कॉलेजमधले बचावपटू तितकेच वेगवान निघतात. सॅकचा, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाण्याचा, दोष लाइनला देण्याची आपली पद्धत असली, तरी चेंडू जास्त वेळ हातात धरून ठेवणे ही सवय बहुतांशी क्वार्टरबॅकची स्वतःची असते आणि ती लवकर दिसून येते.

त्यानंतर डोळे. पहिला रिसीव्हर झाकलेला असेल तर त्याची नजर दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जाते का? नव्या मुलांना बहुधा एकाच रिसीव्हरकडे पाहून फेकण्याच्या सोप्या खेळी दिल्या जातात, त्यामुळे पाच-सहा पासेसमध्ये असा एकही प्रसंग आला नाही, तर 'माहिती नाही' असेच लिहावे.

शेवटी चेंडू कोठे पडला ते पाहा. झेलला गेला की सुटला, हे नव्हे. धावणाऱ्या रिसीव्हरच्या पुढच्या खांद्यापाशी आलेला आणि त्याच्या हातातून निसटलेला चेंडू हा चांगला पास आहे, आणि मागे पडलेला पण उडी मारून झेलला गेलेला चेंडू हा वाईट पास आहे. हाताची ताकद पाहायची असेल तर लांबच लांब पासेसपेक्षा मैदानाच्या रुंद बाजूचे पास पाहा. कॉलेजच्या मैदानावरील हॅश मार्क (ज्यांच्या आत चेंडू ठेवून खेळी सुरू होते त्या खुणा) एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, तर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते साडेअठरा फुटांवर असतात. मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणून डाव्या हॅशवरून उजव्या कडेला चेंडू पोहोचवायचा तर आडवेच १०० फूट अंतर कापावे लागते. तो चेंडू हवेत रेंगाळला, तर चांगला कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) तो पळवतो.

निर्णय पाहण्याचा सर्वांत प्रसिद्ध धडा ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात आहे. जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला १३-० असे मागे असताना अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून टुआ टॅगोव्हाइलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले, ज्याने हंगामभर मुख्यतः निकाल लागलेल्या सामन्यांतच खेळ केला होता. त्याने २४ पैकी १४ पास पूर्ण करून ३ टचडाउन दिले आणि १ इंटरसेप्शनही दिले. जादा वेळेत पहिल्याच खेळीत त्याने चेंडू फार वेळ धरून ठेवला आणि १६ यार्डांचा सॅक झाला, जी अस्सल नवख्याची चूक होती. पुढच्याच खेळीत त्याने नजरेने सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूला) दुसऱ्या बाजूला गुंतवून ठेवले आणि डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा विजयी टचडाउन पास दिला. वहीत या दोन्ही खेळी शेजारी-शेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत. विजयाच्या भरात पहिली विसरणे सोपे असते.

पाचवी पायरी: श्रेय योग्य माणसाला द्या

ओहायो स्टेटचा कार्डेल जोन्स हा २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता. ब्रॅक्स्टन मिलर हंगामाआधीच जखमी झाला, जे. टी. बॅरेटचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला, आणि जोन्सने आपल्या पहिल्या तीन मुख्य सामन्यांत विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि ऑरेगॉनला ४२-२० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. याहून मोठ्या मंचावरची सुरुवात कोणाला मिळाली असेल असे वाटत नाही. तरीही पुढच्या वर्षी त्याची जागा पुन्हा बॅरेटकडे गेली. जोन्सचा हात जबरदस्त होता यात शंका नाही. पण त्या तीन सामन्यांत रनिंग बॅक इझिकिएल एलियट अनुक्रमे २२०, २३० आणि २४६ यार्ड धावला होता. धाव रोखण्यासाठी बचाव पुढे आला की मागे मोकळी जागा राहते, आणि मोकळ्या रिसीव्हरला लांब पास देणे हे कौशल्य असले तरी क्वार्टरबॅकच्या कामाचा तो एकच भाग आहे.

म्हणून प्रत्येक पासपुढे आणखी एक खूण करा: चेंडू हवेत किती अंतर गेला आणि झेलल्यानंतर रिसीव्हर किती धावला. स्नॅपच्या रेषेमागे दिलेल्या स्क्रीन पासवर ६० यार्ड मिळाले, तर ते यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात जमा होतात, पण त्याच्याविषयी ते काहीच सांगत नाहीत. धावण्याच्या आकड्यांतही एक सापळा आहे. कॉलेजच्या नोंदीत सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, जे एनएफएलमध्ये होत नाही. एखादा मुलगा ६ वेळा धावून ५० यार्ड मिळवतो आणि दोन सॅकमध्ये १८ गमावतो, तेव्हा कागदावर ८ प्रयत्नांत ३२ यार्ड दिसतात. त्यामुळे चपळ मुलगा संथ वाटतो आणि त्याचे सॅकही झाकले जातात. दोन्ही आकडे वेगळे काढून ठेवा.

प्रशिक्षक कोणाला निवडतात, हीसुद्धा एक माहिती आहे. सरावात फेकलेले शेकडो पास आपल्याला दिसत नाहीत, त्यांना दिसतात. मात्र तोही अंतिम शब्द नव्हे. जो बरो ओहायो स्टेटमध्ये राखीव क्वार्टरबॅक म्हणून एकूण ३९ पैकी २९ पास पूर्ण करून, २८७ यार्डांनिशी बाहेर पडला; त्या आकड्यांतून त्याचे भविष्य कोणालाही वाचता आले नसते. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) पहिल्या वर्षी त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले, आणि २०१९ मध्ये नवी पासिंग पद्धत, जामार चेस व जस्टिन जेफरसन यांच्यासारखे रिसीव्हर आणि एका वर्षाचा अनुभव यांच्या जोरावर ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन. आपण पारखतो तो नेहमी एका विशिष्ट पद्धतीतला, विशिष्ट सहकाऱ्यांमधला क्वार्टरबॅक असतो.

सहावी पायरी: मत लिहून ठेवा आणि ठराविक टप्प्यांवर बदला

शेवटी एका पानावर तीन भागांत निष्कर्ष लिहा: काय खात्रीने दिसले, काय दिसल्यासारखे वाटते, आणि कशाची माहितीच नाही. बरोबर एक अंदाजही लिहा, पण तो एका आकड्याचा न ठेवता पट्ट्याचा ठेवा, उदाहरणार्थ 'पूर्ण हंगाम मिळाल्यास प्रत्येक पासमागे ७ ते ८.५ यार्ड'. तारीख घाला. पुढचे ५० पास होईपर्यंत त्या पानाला हात लावू नका; मग नवे पास मिसळून पट्टा थोडा अरुंद करा, आणि १५० पासेसच्या आसपास ते पान पूर्ण नव्याने लिहा.

मुलगा ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर जुने यार्ड आणि टक्केवारी निम्म्या वजनाने धरावी, कारण लाइन, रिसीव्हर आणि खेळींची पद्धत सगळेच बदललेले असते. पायांच्या, नजरेच्या आणि स्नॅपआधीच्या निर्णयांच्या नोंदी मात्र तशाच पुढे न्याव्यात. अलाबामात जागा गमावलेला हर्ट्स २०१९ मध्ये ओक्लाहोमात गेला आणि त्या वर्षी हायझमन ट्रॉफीच्या, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात बरोच्या खालोखाल दुसरा आला. त्याची चेंडू सांभाळण्याची सवय आणि पळण्यातली ताकद अलाबामातल्या चित्रीकरणात आधीपासून दिसत होती; नवी भर पडली ती पासेसच्या अचूकतेची. तुमच्या वहीत ज्या रकान्यात 'माहिती नाही' असे लिहिले असेल, तिथेच पुढच्या हंगामाच्या पहिल्या चार सामन्यांत सर्वांत आधी पाहा.